सोजरच्या परीक्षेतला गाणारा

सव्वा महिना झाला. त्या दिवशी मी शिवारात मेंढ्या कातरत होतो. हातात कात्री, गुडघ्याखाली मेंढी, अंगभर लोकर. खिशातला फोन वाजला, मी म्हणलं वाजू दे. अर्धी कातरलेली मेंढी सोडली तर पुन्हा लवकर हाती लागत नाही. तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला तर शेजारची भामाबाई. "मामा, घरी या," एवढंच म्हणाली. मी म्हणलं, "काय झालं ते सांग आधी." तर ती रडायलाच लागली. माझी बायको सोजर ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, ती तशीच भिंतीला टेकून गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी पोचलो तवा तिच्या ओच्यात शेंगा होत्या... आधी त्या काढून मी सुपात ठेवल्या. कावून ठेवल्या, ते मला अजून कळलं नाही.

लोक भेटायला आले. जो तो म्हणायचा, लई कष्टाळू बाई होती. होतीच. पण कष्टाळू बाया आमच्या गावात घरटी एक आहे. पेटी वाजवणारी आणि पेटीच्या परीक्षा देणारी ही एकटीच होती, आणि ते मात्र कुणी बोललं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चार ओळी लिहिल्या की मनगट दुखतं. पण हे राहून गेलं तर बरं नाही, म्हणून लिहितो.

तिला पेटीचा नाद लागला तो बायांच्या भजनामुळं. मंडळाचे पेटीवाले मास्तर लेकाकडं राहायला गेले आणि पेटी देवळात कापडाखाली पडून राहिली. सोजरनं ती कानानंच वाजवायला घेतली. पुढं सुट्टीला आलेल्या आमच्या नातीला केजला एका मॅडमच्या क्लासला घातलं. पोरीला सोडायला, आणायला सोजर जीपनं जायची. पोरगी महिन्यात कंटाळली आणि आजी तिथंच चिकटली! तिनं घरी स्वतःची पेटी घेतली, आणि मॅडमनंच तिला परीक्षेला बसवलं. पहिल्या परीक्षेला नऊ-दहा वर्षांची लेकरं रांगेत, त्यांच्यात ही डोईवर पदर घेऊन. तिथला शिपाई म्हणाला, "आजी, नातवाला आत सोडा अन् तुमी भाईर बसा." ही म्हणाली, "नातू न्हाई आणला. मीच आलेय." घरी येऊन मला हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

एकामागून एक परीक्षा ती पास होत गेली. पेटी वाजवायचीच, वर लेखी पेपरही असायचा. अभ्यास घ्यायला घरात मी एकटा. लेक-सून बीडला. पुस्तक मी धरायचो आणि प्रश्न विचारायचो. मला एकेक अक्षर जुळवत वाचावं लागतं, त्यामुळं माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर सांगून झालेलं असायचं. "पुढचा इचारा, झोप यायलीय," म्हणायची. मी म्हणायचो, "बरोबर हाय का चूक ते तरी बघू दे." तर म्हणायची, "तुमी बघस्तोवर निकाल लागंल."

सगळ्यात शेवटची, मोठी परीक्षा तेवढी राहिली. तिच्यात एक भाग साथीचा होता. म्हणजे कुणीतरी गायचं आणि हिनं पेटीवर त्याच्या मागं जायचं. गाणारा आपला आपण न्यायचा. मी देवळात पहिल्यापासून भजन म्हणतो. आवाज मोठा, माळावर मेंढ्यांना हाका मारून मोकळा झालेला, पण सुराचं म्हणाल तर आज इथं, उद्या तिथं. तरी तिनं मलाच नेलं. दोन महिने एकच भजन घोटून घेतलं माझ्याकडून. मी वर सरकलो की तिची बोटं वर, मी खाली आलो की ती खाली, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की म्हाताऱ्याला असंच म्हणायचं होतं.

उन्हाळ्यात आम्ही परीक्षेला अंबाजोगाईला गेलो. शाळेची खोली, वर पंखा, समोर दोन परीक्षक. एकेक जण आत जात होता. मी बाहेर बाकावर बसून विचार केला. परीक्षा हिची आहे. पेटी हिची ऐकायची आहे त्यांना. मी माझा दांडगा आवाज लावला तर तिची पेटी ऐकू कशी येणार? लग्नात वाजंत्री वाजत असली की भटजीचं कुणाला ऐकू येतं का? तिला मी हे बोललो नाही. मला वाटलं, माझं डोकं चाललं.

आत गेल्यावर मी पहिली ओळ तोंडातल्या तोंडात म्हणली. दुसरी त्याहून हळू. मग गप्पच बसलो आणि हात जोडून तिच्याकडं बघत राहिलो, की आता हिचं ऐका. सोजरनं माझ्याकडं बघितलं. भुवया उचलल्या. बोटं चालूच ठेवली तिनं, पण जाणार कुणाच्या मागं? मी पुन्हा अर्धी ओळ म्हणली, पुन्हा थांबलो. त्यातला एक परीक्षक चांगला माणूस होता. म्हणाला, "काका, मोकळेपणानं गा. तुम्ही गप्प बसलात तर त्या साथ कुणाला करणार?" मला दरदरून घाम फुटला. मग जे गायचं ते भलत्याच पट्टीत सुरू केलं आणि मधली अख्खी ओळच विसरलो. बाहेर आल्यावर तिनं बाटलीतलं पाणी मला दिलं, स्वतः प्याली नाही. म्हणाली, "गप कावून बसलात?" मी सांगितलं. बसस्टँडवर पोचल्यावर ती अशी हसली, अशी हसली की लोक वळून बघायला लागले.

निकाल आला. बाकी सगळ्यात पास, साथीत नापास. तेवढा भाग पुन्हा द्यायचा होता. मॅडमनं सांगितलं, माझी एक विद्यार्थिनी देते तुमच्याबरोबर, चांगली तयार आहे. मी म्हणलं, झालं तर मग, तिला ने. सोजर म्हणाली, "ती पोरगी सुरात गाती. सुरात गाणाऱ्याला साथ कुणीबी करतंय. तुमच्या मागं जाऊन दावलं तर खरं." तिची थट्टा करायची तऱ्हा ही अशी. पण मला ती लागली. तोवर गावात गोष्ट पसरली होतीच. पारावरचे म्हातारे विचारायचे, "काय बे, बायकोला नापास करून आलास म्हणं?" मी घरी येऊन तिला बोललो, "मी पुन्यांदा येणार न्हाई. एकदा नाक कापून घेतलं तेवढं बास." ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती पेटी घेऊन बसायची आणि त्याच भजनाची साथ वाजवायची. गाणारा नाही, नुसती साथ! मी बाजेवर पडलेला असायचो. ती माझ्या ओळीपुरतं बारीक वाजवायची, मी जिथं वर चढतो तिथं चढायची, मी चुकतो तिथंसुद्धा चुकीच्याच जागी जाऊन यायची. माझं चुकणंही तिनं पाठ केलं होतं. ओळ माझ्या ओठावर यायची. म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पुरुषाचा हट्ट... मी छताकडं बघत पडायचो. आमच्या घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक असं.

पोळा झाल्यावर पुढच्या परीक्षेचे फॉर्म निघाले. त्या सकाळी मी कात्र्यांना धार लावत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अवं, मॅडम आज फॉर्म पाठवायल्यात. गाणाऱ्याचं नाव काय लिहू?" खरं सांगतो, आदल्या दिवशीच माझ्या मनानं घेतलं होतं की जायचं. या खेपेला घसा फाटला तरी थांबायचं नाही. पण लगेच हो म्हणलं तर ती हसंल, असं वाटलं. म्हणून मी म्हणलं, "मेंढ्या कातरून येतो, संध्याकाळी सांगतो." ती म्हणाली, "संध्याकाळी लई उशीर हुईल, पण बघा." आणि आत गेली. दुपारी भामाबाईचा फोन आला.

तेराव्यानंतर मॅडम येऊन गेल्या. मी त्यांना विचारलं, फॉर्म गेला का? गेला, म्हणाल्या. सोजरनं त्या सकाळीच फोन करून नाव सांगितलं होतं. माझं. मी हो म्हणायच्या आधीच. मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. त्या जीपमधे बसून गेल्यावर मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन बसलो.

सून म्हणाली, पेटी देवळात देऊन टाका, इथं वाजवणारं कोण आहे. मी नको म्हणलं. आता दिवस कलला की मी पेटी ओढून घेतो. वाजवता येत नाही. पण काळ्या पट्ट्यांतली एक मला ओळखू येते, तिच्यावर सोजरनं आपल्या कपाळाची टिकली चिकटवून ठेवली आहे, माझा सूर मला सापडावा म्हणून. डाव्या हातानं भाता हलवतो, उजव्या हाताचं एक बोट टिकलीवर दाबतो आणि मोठ्यानं म्हणतो. जेवढा आवाज आहे तेवढा. पार पारापर्यंत जातो. कुणाला हसायचं तर हसू दे. ओळ संपली की मी दम घ्यायला थांबतो. तिथं तिची बोटं धावायची, माझी ओळ पेटीवर परत म्हणून ती मला पुढच्या ओळीच्या तोंडाशी आणून सोडायची. आता तिथं टिकलीचा एकच सूर वाजत राहतो. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा मी थांबतो. मग दुसरी ओळ धरतो.