खिडकीवाल्यांच्या घरातला वारा

गल्लीत त्यांना सगळे खिडकीवाले म्हणत. लोकांच्या घरी खिडक्या बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की बायकोच्या डोळ्यांना धारा लागत.

"अहो, गावभर वारा वाटत फिरता, मग माझ्याच वाट्याला धूर का?" ती विचारी.

तिथे सरकती खिडकी होती. एक काच सरकवली की दुसरीवर जाऊन बसे. म्हणजे उघडली तरी अर्धी बंदच. खिडकीवाल्यांना ते पटलं. त्यांनी ती काढून बाहेर उघडणारी, दोन झडपांची बसवली. बायकोने हौसेने दोन्ही झडपा ढकलल्या आणि बाहेरून "आई गं!" ऐकू आलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चालता चालता पेपर वाचत होते.

"वहिनी, वारा तरी आला का?" त्यांनी कपाळ चोळत विचारलं.

"नाही हो, भाऊजी."

"म्हणजे मला फुकटच लागलं."

मग आत उघडणारी आली. तिने पहिल्याच दिवशी ओट्यावरची बरणी, कपबशा आणि सासूबाईंचा चष्मा खाली लोळवला. त्यानंतर वर बिजागऱ्या असलेली, खालून ढकलून काठीवर टेकवायची. तिच्यावर सासूबाई टॉवेल वाळत घालू लागल्या, त्यामुळे होता तो उजेडही गेला. धूर मात्र घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता.

खिडकीवाले इरेला पेटले. आता वर सरकणारी! चौकट उचलायची, खटका लावायचा, की झालं. बसवून झाल्यावर ते वाऱ्याचा अंदाज घ्यायला बाहेर वाकले, तोच खटका निसटला आणि चौकट त्यांच्या पाठीवर येऊन बसली. पाय स्वयंपाकघरात, डोकं गल्लीत.

पोस्टमास्तर थांबले. "काय, हवा खाताय?"

"अडकलोय!"

"असं होय! म्हणजे आज तुमची पाळी."

बायकोने ओढून पाहिलं, चौकट हलेना. "अहो, पहार कुठंय?"

"भांड्यांच्या कपाटामागे!"

तिने आणि आत धावून आलेल्या पोस्टमास्तरांनी मिळून ते अवजड कपाट सरकवलं. मागे पहार होती, आणि पहारीमागे, जळमटांनी भरलेली, एक बंद खिडकी. बायकोने कडी काढली. वारा असा सुसाट घुसला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. इतके दिवस वाऱ्याला यायला वाट होती, जायला नव्हती.

"अगं, पाठीला गार लागतंय!" गल्लीतून आरोळी आली. "बघ, चालली माझी खिडकी!"

"तुमची नाही, मागची!"

"मागची कुठली?"

"अरे, तूच नाही का बंद केलीस?" सासूबाई म्हणाल्या. "वाऱ्याने गॅस विझतो म्हणालास, आणि कपाट लावलंस."

खिडकीवाल्यांनी गल्लीतच मान खाली घातली. मग हळूच आवाज आला, "आधी मला सोडवा, मग काय बोलायचं ते बोला."

पहारीने ते सुटले. बायको पुढे महिनाभर बोलली. धूर गेला, पण कपाटाला दुसरी भिंत मिळेना. ते आता स्वयंपाकघराच्या मधोमध उभं आहे. जेवायला बसलं की अर्धं घर अलीकडे, अर्धं पलीकडे, आणि मीठ हवं असेल तर हाक मारावी लागते.