बोल्टकाका आणि दोन काटे

बोल्टकाकांना उंचीची भीती वाटत नाही. करमणूक पार्कातल्या रोलर कोस्टरला तिथली माणसं नुसतं 'गाडी' म्हणतात. त्या गाडीच्या रुळांच्या सगळ्यात उंच टोकावर, जिथून खालची माणसं मोहरीएवढी दिसतात, काका रोज सकाळी पट्टा बांधून चढतात आणि हातोडीने टकटक करत एकेका बोल्टची तब्येत विचारतात. सव्वीस वर्षं हेच काम. पण खाली, भुताच्या घराशेजारी जे फ्रेंच रेस्टॉरंट आहे, त्याच्या दारावरून जातानासुद्धा ते टोपी काढून हातात घेतात आणि पाय जरा लवकर उचलतात.

खरं तर त्या फ्रान्समध्ये भिण्यासारखं काय होतं? दगडी भिंत प्लायवूडची, कुंड्यांमधली फुलं प्लास्टिकची, आणि ती नक्षीदार लोखंडी गॅलरी मागून बारा बोल्टांवर लटकलेली. ते बाराही बोल्ट काकांनीच आवळलेले. फ्रान्सची पाठ काकांना तोंडपाठ होती. भीती होती ती पुढच्या बाजूची. तिथे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ होते, एकेका माणसापुढे तीन-तीन ग्लास होते, आणि यातल्या कुठल्या ग्लासातून पाणी प्यायचं हे आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखी माणसं होती.

आणि त्या दुपारी काकांना तिथे जेवायला बसायचं होतं. सुटका नव्हती, कारण प्रश्न मुलीचा होता.

त्यांची मुलगी तिथल्या स्वयंपाकघरात सहा महिने उमेदवारी करत होती. उमेदवारी संपली की परीक्षा. शेफबाईंची पद्धत अशी, की उमेदवाराने घरचं एक माणूस जेवायला बोलवायचं, दोन पदार्थ करून बाहेर पाठवायचे आणि आपण आतच थांबायचं. पाहुण्याला 'कसं झालं होतं' असं कुणी विचारत नाही. घरचं माणूस छानच म्हणणार. शेफबाई फक्त परत आलेल्या प्लेटा बघतात. रिकाम्या आल्या तर उमेदवार कायम. भरलेल्या आल्या तर दुसऱ्या दिवसापासून घरी.

"आईला ने ना," काका पंधरा दिवस म्हणत होते. "ती शिकलेली आहे."

"आई चार घास खाते आणि पोट भरलं म्हणते. तुम्ही ताट पुसून खाता," मुलीने विषय संपवला.

मग काकूंनी घरी तालीम घेतली. एक उकडलेला बटाटा, एक काटा, एक सुरी.

"अहो, काटा डाव्या हातात! आणि पिळताय काय? तो पेचकस आहे का?"

"बटाटा फिरतोय."

"बटाटा नाही, तुम्ही फिरताय."

दोनदा बटाटा निसटून सोफ्याखाली गेला. तिसऱ्या वेळी मात्र काकांनी त्याचे दोन तुकडे केले, आणि काकूंनी पास केलं.

प्रत्यक्षात सुरुवात खुर्चीपासूनच बिघडली. उंच, केस चापून बसवलेला वेटर पुढे आला आणि त्याने काकांची खुर्ची मागे ओढली. काकांना वाटलं, ही दुसऱ्या कुणाची असणार. "असू द्या, असू द्या, मी उभा राहतो," ते घाईघाईने म्हणाले. वेटरने मान झुकवून खुर्ची पुन्हा पुढे सरकवली. काका बसले, पण निम्मेच. उरलेले निम्मे दाराच्या दिशेने तयार होते.

पहिली प्लेट आली. अंडं, दूध आणि कांदा घालून भाजलेला खुसखुशीत तुकडा. काकांनी काटा डाव्या हातात घेतला, सुरी उजव्या हातात, आणि श्वास रोखून एक घास तोंडापर्यंत पोचवला. घास इतका चांगला होता की क्षणभर त्यांना भीतीचाच विसर पडला. पोरीच्या हाताला ही चव कधी आली?

तेवढ्यात छतावरून गाडी गेली. रूळ रेस्टॉरंटच्या अगदी डोक्यावरून वळतात. ग्लास किणकिणले, बाकीच्या टेबलांवरची मंडळी हसली. काकांनी मात्र कान टवकारले. गाडी जाताना हातातलं काम थांबवायचं, हत्यारं खाली ठेवायची आणि ऐकायचं, ही अंगात मुरलेली सवय. हत्यारं ठेवायचीही वर्कशॉपात रीत आहे. बोल्ट आवळायचे दोन पाने शेजारी शेजारी, मुठी आपल्याकडे: म्हणजे काम चालू आहे, माणूस इथेच आहे, कुणी हात लावायचा नाही. काम संपलं की त्याच दोन पान्यांची फुली करायची, मग हवं तर कुणीही उचला. काकांनी काटा आणि सुरी शेजारी शेजारी ठेवली, डोळे मिटले आणि गाडी उताराला लागेपर्यंत ऐकलं.

डोळे उघडले तर पुढे नुसता टेबलक्लॉथ.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं. प्लेट तिथेही नव्हती. वेटर तर पाठ करून चाललेला. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? फ्रान्समध्ये कदाचित एकच घास देत असतील. तिथली माणसं सडपातळ का असतात, त्याचा उलगडा झाला.

दुसरी प्लेट माशाची. लोण्यात परतलेला, वर लिंबाचा वास. या वेळी काकांनी चलाखी केली आणि भराभर दोन घास घेतले. तिसरा काट्याला टोचला आणि पुन्हा छतावरून धडधड. तिसऱ्या वळणावर एक चाक किंचित कुरकुरल्यासारखं वाटलं. काकांनी काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवली, मान कलती केली. चाक ठीक होतं. मासा गेला होता.

आता मात्र त्यांनी वेटर गेला त्या दिशेला पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती. काचेपलीकडे स्टीलच्या ओट्यावर त्यांच्या दोन्ही प्लेटा मांडलेल्या, त्यांच्यापुढे पिकल्या केसांच्या शेफबाई हाताची घडी घालून उभ्या, आणि मुलगी खाली मान घालून बाहीने डोळे पुसत होती.

काका उठले. मधली सहा टेबलं ओलांडताना सगळे काटे आपल्याकडेच रोखलेत असं त्यांना वाटत होतं. दारावर टकटक करावी की नाही, हेही ठरेना. शेवटी खांद्यानेच दार ढकललं.

"बाई... म्हणजे शेफबाई..." काका म्हणाले. "त्या प्लेटा माझ्या आहेत. मला परत हव्यात."

मागोमाग आलेला वेटर गोंधळला. "साहेब, तुम्हीच तर न्यायला सांगितलंत. दोन्ही वेळा."

"मी? मी चकार शब्द काढला नाही हो!"

"काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवलीत ना? म्हणजे जेवण झालं, प्लेट न्या."

"शेजारी शेजारी म्हणजे चालू आहे! झालं की फुली करायची!"

"फुली म्हणजे चालू आहे, साहेब."

दोघेही एकमेकांकडे, समोरच्याला बरं नसावं, अशा नजरेने बघत राहिले.

"तुम्ही कुठे काम करता?" शेफबाईंनी विचारलं.

"गाडीवर. बोल्ट बघतो."

शेफबाईंनी प्लेटा त्यांच्याकडे सरकवल्या. "मग खा. इथेच, माझ्यासमोर."

पहिला तुकडा काकांनी चार घासांत संपवला. मग मासा. तो गार झाला होता. काका समोर भिंत बघून जेवत होते. शेफबाईंकडे बघायची छाती नव्हती आणि मुलीकडे बघवत नव्हतं. शेवटचा घास उरला. तो चावला, आणि जिभेला काहीतरी टोचलं.

माशाचा काटा. बोटाच्या पेराएवढा.

काकांच्या कानशिलावरून घामाचा थेंब ओघळला. काढावा तर पोरगी गेली. गिळावा तर आपण गेलो. शेफबाईंची नजर थेट तोंडावर. काकांनी काटा जिभेने हळूच गालात सरकवला, तोंड मिटलं आणि जमेल तेवढं हसले. गाल सुपारी ठेवल्यासारखा एका बाजूने फुगला.

मुलीने वर पाहिलं. हा चेहरा ती जन्मापासून बघत होती.

"बाबा, काटा आहे ना?"

"आहे की," काका फुगल्या गालाने म्हणाले आणि हातातला चकचकीत काटा वर करून दाखवला. "हा काय. डाव्या हातात."

"तो नाही, बाबा. तोंडातला."



"कुठला तोंडातला? काहीतरीच!" काकांचा आवाज चिरकला. काटा हिरडीत रुतला होता, डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "मासा फार चांगला आहे, बाई. अगदी... फारच."

"काढा तो. घशात जाईल," मुलगी म्हणाली. मग तिने शेफबाईंकडे वळून, हात पाठीमागे बांधून सांगितलं, "शेफ, माशात काटा राहिलाय. मी नीट चाचपला नाही. चूक माझी आहे."

काकांनी काटा काढून तळहातावर धरला. शेफबाईंनी तो चिमटीत उचलला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"उद्या सकाळी सातला ये," त्या मुलीला म्हणाल्या. "महिनाभर फक्त मासे साफ करायचे. एक काटा सापडला तर महिना पुन्हा पहिल्यापासून." आणि त्या पलीकडे निघून गेल्या.

मुलगी जागच्या जागी उभी, हसावं की रडावं ते न कळून. काकांना तर काहीच कळलं नव्हतं. त्यांनी वेटरची बाही हळूच ओढली.

"म्हणजे... घेतलं का हो हिला?"

"काका," वेटर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, आणि या वेळी साहेब म्हणाला नाही, "ज्यांना घेत नाहीत, त्यांना त्या वेळ सांगत नाहीत."

काकांना बसावंसं वाटलं. समोर कांद्याचं पोतं होतं. कुणालाही न विचारता ते त्याच्यावर बसले, आणि बसले ते पूर्ण.