गल्लीच्या भरवशाचं माणूस

शाहूपुरीतल्या त्या गल्लीत कुणीही गावाला निघालं, की घराची किल्ली नजीराभाभीच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून जायचं. त्यामुळं एका संस्थेनं पूरमदतीसाठी मोबाइलमध्ये ब्लॉकचेनवरची, म्हणजे कागदपत्रांऐवजी दाखवायची डिजिटल ओळख दिली आणि सांगितलं, "भरवशाचं एक माणूस सांगा. तुमचा फोन गेला, तर त्याच्या फोनवरून ओळख परत मिळेल," तेव्हा अख्ख्या गल्लीनं भाभीचंच नाव दिलं.

पुरात सगळ्यांचे फोन गेले. भाभीचाही गेला.

"तुमच्या फोनशिवाय कुणाचीच ओळख उघडत नाही," मदतकेंद्रावरची मोना म्हणाली.

भाभीचं टाळकं फिरलं. "अगं, ह्यो गणपतराव, ही त्याची सून! समोर उभी हाईत की!"

"तुमची ओळख परत मिळाली, तर बाकीच्यांचीही उघडेल. तुम्ही स्वतःसाठी भरवशाचं माणूस म्हणून कुणाचं नाव दिलंत?" मोनानं विचारलं.

"मी? कुणाचंच न्हाय," मागं ताटकळलेल्या गल्लीकडं हात करत भाभी ओरडली, "मला कोण वळखत न्हाय, सांग!"