स्प्रिंगवरचे ठोकळे

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत जी जाते, तिला वाट म्हणायचं म्हणून म्हणायचं. माजलगावच्या धरणाचं पाणी आलं, सगळीकडं ऊस झाला, आणि उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून त्याच काळ्या मातीतून जायला लागले. हंगामात ते वाट फोडतात आणि पावसाळ्यात फुटलेली वाट आणखी खोल होते. दोन्ही बाजूंना चाकांच्या चाऱ्या आणि मधे मातीचा उंच वरंबा, तोही वाळून दगड झालेला. सरपंचाला सांगून सांगून तोंड दुखलं. तो म्हणाला, "वहिनी, मुरूम टाकतो." अजून टाकतोय.

त्या वरंब्यावर आमच्या जीपचं पोट घासायचं. खर्रर्र असा आवाज यायचा आणि शेजारी बसलेले माझे सासरे डोळे मिटून घ्यायचे. सासऱ्यांना आमच्याकडं सुना मामा म्हणतात, बाकी वस्ती त्यांना तात्या म्हणते. मामांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर बुधवारी आणि शनिवारी त्यांना बीडला मशीनवर न्यावं लागायचं. मशीन रक्त धुऊन देतं, अंगात साठलेलं पाणी काढून टाकतं. वेळेवर नाही नेलं तर तेच पाणी छातीत चढतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. डॉक्टरांनी मला हे एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं. मी "बरं" म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

जीप माझ्या नवऱ्याची. वस्तीवरचं दूध गोळा करून तो त्या जीपमधून डेअरीला घालायचा. मागच्या उन्हाळ्यात तो मोटारसायकलवर असताना हायवेला ट्रकनं उडवलं त्याला. तेव्हापासून दूध मी गोळा करते, गाडी मी चालवते आणि मामांना बीडला मीच नेते. लोक म्हणायचे, बाई लई धीराची हाय. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटायचंच बंद झालं होतं. दूध नासलं तरी काही नाही, गोठ्यात साप निघाला तरी काही नाही. भाजीत मीठ नाही हे सासूबाईंनी सांगितल्यावर कळायचं, तेही माझी अर्धी भाकरी संपल्यावर.

श्रावणातल्या एका बुधवारी गाडी त्या वरंब्यावर बसलीच. मी फोर बाय फोरचा दांडा टाकला. त्यानं चारी चाकांना ताकद मिळते म्हणे. मिळाली की! चारी चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि चिखल उडून काचेवर आला. कुणाचा तरी ट्रॅक्टर आणून ओढून काढेपर्यंत दुपार झाली. बीडला पोहोचलो तर मामांचा बेड दुसऱ्याला दिलेला. संध्याकाळी त्यांचा नंबर लागला, तोवर ओठ निळे पडले होते. मी बाकावर बसून त्या ओठांकडं बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, गाडी वर घ्यायला पाहिजे.

नवरा माजलगावच्या ज्या गॅरेजात जायचा तिथंच गेले. गॅरेजवाला लई बोलका. "ताई, गाडी उंच करायची? इलेक्शनला उभं राहता काय?" आमच्याकडं गाड्या उंच करतात ती पुढाऱ्यांची पोरं, पांढरे कपडे आणि काळा गॉगल घालून. मी म्हणाले, "उभी राहीन, तुमी मत द्या. आधी गाडीचं बोला." मग तो कामाचं बोलला. खरा सेट घालायचा तर स्प्रिंगा नव्या, शॉकअब्सॉर्बर नवे, आणि ते आपल्या ऐपतीतलं काम नव्हे. स्वस्तातला उपाय म्हणजे स्पेसर. म्हणजे भाकरीच्या पिठाच्या गोळ्याएवढा गोल, काळा, कडक ठोकळा, मधे भोक. स्प्रिंग जुनीच ठेवायची, तिच्या डोक्यावर हा ठोकळा बसवायचा, की गाडीचं धड दोन इंच वर. "पाहुण्याला पाट दिल्यासारखं," तो म्हणाला.

मी उभी राहून सगळं बघितलं. त्यानं चाक काढलं, शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडला. जॅक हळूहळू उतरवला तसा अ‍ॅक्सल खाली गेला आणि स्प्रिंग सैल होऊन त्याच्या हातात आली, गंजलेली, चिखलानं भरलेली. ब्रशनं घासून, वर ठोकळा ठेवून त्यानं ती परत जागेवर दाबून बसवली. चारी चाकांना तसंच केलं. "गाडी आता जरा कडक चालंल," तो हात पुसत म्हणाला. "वळणावर बेतानं घ्या. हेडलाइट खाली करून देतो, न्हाईतर समोरचा शिव्या देईल. आन् चढायला उंच पडंल, बघा." मी म्हणाले, "मला काय होतंय चढायला?" साडी खोचून चढूनही दाखवलं. पोट किती वर आलं एवढंच मी बघत होते. पोटाबरोबर दारही वर जाणार, हे डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई बघतच राहिल्या. "अगं बाई, ही तर वरातीची घोडी झाली!" म्हणाल्या आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गाडी वाटेवर नेऊन बघितली. वरंब्यावरून निघून गेली, आवाज नाही की काही नाही. आनंद व्हायला पाहिजे होता. मी खाली उतरले, वाकून बघितलं आणि परत आले.

शनिवारी मामा गाडीच्या दारापाशी आले आणि तिथंच थांबले. पायांवर सूज, गुडघा वाकत नाही. डाव्या हाताला मशीनसाठी शीर जोडून ठेवलेली, त्या हातावर जोर द्यायचा नाही, आणि चढताना धरायची मूठ नेमकी डाव्याच हाताशी. गाडीला पायरी लावावी तर ती चारीच्या कडेला घासून तुटते. आधीची तशीच तुटली होती. स्टूल ठेवलं तर ते मातीत कललं. मामा स्टुलाकडं बघत राहिले, मी मामांकडं.

मी नुसते दोन हात पुढं केले असते तर काम झालं असतं, असं कुणी शहरातलं म्हणेल. पण सुनेनं सासऱ्याला हात लावायचा नसतो. लग्न झाल्यापासून मी मामांसमोर डोक्यावरून पदर घेते आणि ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी पुढ्यात उभी असले तरी सासूबाईंना म्हणायचे, "तिला इचार, डिझेल हाय का." सासूबाई मला विचारायच्या, मी सासूबाईंना सांगायची, आणि मामा ते ऐकून मान हलवायचे. गाडीत आम्ही दोघंच असलो की मामा समोरच्या काचेला सांगायचे, "पानी पडंल आज." मीही काचेलाच "हो" म्हणायची. बीड येईपर्यंत आमचं बोलणं तेवढंच. पाया पडायचं तेसुद्धा लांबून, जमिनीला हात टेकून.

मग शेजारच्या चुलतदिराला हाक मारली. त्यानं मामांना अलगद उचलून सीटवर ठेवलं. बीडला उतरवून घ्यायला दवाखान्याची माणसं असायची, घरी उतरवायला पुन्हा दीर. पावसाळा असाच निघाला आणि मशीनची एकही पाळी चुकली नाही.

दसरा झाला आणि वस्ती रिकामी झाली. आमच्या भोवतालचा ऊस तोडायला बाहेरून टोळ्या येतात आणि आमची माणसं ऊस तोडायला पार कर्नाटकात जातात. हा हिशोब कुणाला समजला असेल तर त्यानं मलाही सांगावा. चुलतदीरही बायकोला घेऊन टोळीत गेला. मागं राहिले म्हातारे आणि मेंढरं. दीर गेल्यावरच्या बुधवारी आम्ही कुणी येणारा-जाणारा दिसतो का बघत वाटेच्या तोंडाशी थांबलो. एक माणूस फिरकेल तर शपथ! सासूबाई म्हणाल्या, मी मागून रेटते. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. त्यांनी रेटलं आणि त्याच खाली बसल्या. शेवटी मामा काठी टेकत घरात निघून गेले. ती पाळी हुकली.

शुक्रवारपर्यंत मामांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसायचे, तोंड उघडं, छातीतून हुक्क्याचं पाणी खळखळावं तसा आवाज. मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते. शनिवारी सकाळी दूध आटोपून मी गाडी दारात आणून लावली, तर मामा सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, मी येत न्हाई. बास झालं."

सासूबाई रडायला लागल्या. "आवं, असं कावून करता? ती उचलील की. आता कोन बघतंय हितं?"

"सुनंच्या अंगावर चढून जगायचं का मी?"

माझं डोकं फिरलं. मला राग आला. आणि राग आला याचंच मला नवल वाटलं, इतक्या दिवसांत काही म्हणता काही आलं नव्हतं. डोक्यावरचा पदर काढून मी कमरेला खोचला आणि सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"मामा, यांना सांगू नका. मला सांगा. माझ्या तोंडाकडं बघून म्हणा, मला मरायचंय, मग मी गाडी बंद करते. पोटाशी आलेला वरंबा चुकवायला मी गाडी वर घेतली, तुमच्यासाठी घेतली, आणि तुम्ही आता पदराचं घेऊन बसलात? एक माणूस या घरातनं गेलं, मला विचारलं नाही कुणी. दुसरं असं बघत बसून मी जाऊ देणार नाही!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी श्वास ओढला. मग म्हणाले, "बगलंत हात घालून वढू नको. त्यानं जीव लटकतो."

एवढ्या वर्षांतलं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"मेंढरू गाळात रुतल्यावर कसं काढतेत, बघितलं का न्हाई?" मामांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. थांबून थांबून, दम घेत त्यांनी मला सांगितलं. "येक हात छातीखालून. येक मांड्यांखालून. आन् आंगाला घट लावायचं. लांब धरलं की त्ये भितं, झटके देतं. घट धरलं की गप ऱ्हातं."

काठी टेकत ते गाडीच्या दारापर्यंत आले. मी त्यांनी सांगितलं तसं केलं. एक हात छातीशी, एक मांड्यांखाली, आणि अंगाला घट्ट. दुधाचा भरलेला कॅन मी रोज उचलते. मामा त्याहून जड होते, पण फार नाही. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. धोतराला लोकरीचा आणि औषधाचा वास. त्यांच्या खांद्याचं हाड माझ्या गळ्याशी आलं, रुंद आणि जरा बाहेर आलेलं. अगदी नवऱ्याचं होतं तसंच. मला ते हाड ओळखू आलं. कसंबसं त्यांना सीटवर ठेवलं. सासूबाईंनी त्यांचं धोतर नीट केलं आणि दार लावलं.

गाडी चारीत उतरली. वरंबा पोटाखालून निघून गेला. मामा काचेकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"त्याला आनला तवा मला उचलू दिलं न्हाई," ते म्हणाले.

मी गिअर बदलला.

"लोक म्हनले, तात्या, बाजूला व्हा, पडाल तुमी. धरून ठेवलं मला. माझं लेकरू व्हतं गं. खांद्यावर घालून सगळ्या माळावर हिंडवलेलं. शेवटचं येकदा उचलायचं व्हतं, दुसरं काय मागत न्हवतो." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाले, "लई सांगितलं. न्हाई दिलं."

"मला पण नाही, मामा," मी म्हणाले. "मला तर बायकांनी आतच धरून ठेवलं. हात पण लावू दिला नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं तसं ते आतून वर आलं, सगळं एकदम, तोंड वासून, आवाज करत. समोरचं दिसेना. स्टिअरिंग एका हातात, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते आणि ते पुसून संपत नव्हते.

मामांनी उजवा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"रड," म्हणाले. "पन गाडी हळू घे."