मोऱ्याच्या वर्गातला माझा वाटा

गावकऱ्यांनो, आधी शेवंताताईंचं नाव लिहितो, मग प्रवास. त्या नसत्या तर मी केव्हाच हिंगोलीकडे, आपल्या गावी परतलो असतो.

मी सातवीत शाळा सोडलेला. रबाळ्याच्या कारखान्यात कायम व्हायचं तर लेखी परीक्षा, आणि तीत अपूर्णांक. शेजारच्या मशीनवरचा धर्माजी म्हणाला, आमची शेवंताताई रविवारी मोरा बंदरात मोठ्या माणसांचा वर्ग घेते, चल.

एसटीने निघालो. वाटेत नव्या मुंबईच्या अर्ध्यामुर्ध्या इमारती, मग मिठागरं. मोऱ्याला समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि पाहता पाहता धक्क्यावर (बोटी लागतात तिथे) शेवाळावरून घसरलो. ओल्या पँटीनेच वर्गात शिरलो. होड्या समुद्रात होत्या, म्हणून आम्ही सहाच जण. ताईंनी जोड्या लावल्या: एकाने गणित करायचं, दुसऱ्याने ‘असं का?’ विचारत राहायचं.

पुढच्या रविवारी होड्या किनाऱ्याला, वर्गात चाळीस माणसं. बरं झालं म्हटलं, मागे लपता येईल. पण ताईंनी पाचापाचांचे गट केले आणि धक्क्यावर मासळीचे लावतात तसे धड्याचे वाटे लावले. आपला वाटा शिकायचा, मग गटाला शिकवायचा. सगळ्यांना सगळं आल्याशिवाय जेवण नाही.

माझ्या वाट्याला बेरीज आली. शाळेतल्या सवयीने मी पाटी हाताआड धरली. गटातल्या जनाबाई मासळी विकणाऱ्या. त्या म्हणाल्या, “वाटा झाकून काय ठेवतंस, पोरा? म्हावरं (मासळी) हाय, कुजंल.”

पाटी दाखवली. अर्धा अधिक पाव. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, उत्तर दोन षष्ठांश.

“अर्धी सुरमई दिली, वर पाव दिली, आनि अर्ध्याहून कमी झाली? मांजरानं खाल्ली काय?”

सगळे हसले, मीही. मग पाटीवर सुरमई काढली, तिचे चार तुकडे केले, तीन रंगवले. पाऊण! डोक्यात लख्ख झालं. उभं राहून गटाला शिकवलं, घसा सुकेपर्यंत. नंतर जवळ्याची (बारीक सुकी कोळंबी) चटणी आणि भात दोनदा मागून घेतला.

परीक्षेत बेरजेच्या गणिताशी मी आधी मासाच काढला. पास झालो.

निकाल सांगायला गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, आता एक गट तू सांभाळ. भीतीने मी नुसता हसलो. गावकऱ्यांनो, तोंडाने जमलं नाही ते इथे लिहून देतो: कधीतरी ताईंच्या भरल्या वर्गात पाच माणसं माझ्या वाट्याची असतील, आणि त्यांना येईपर्यंत मी जेवणार नाही.