न घसरणारा रंग

ओझरच्या विमान कारखान्यात मी पेंट शॉपमध्ये होतो. पहाटे नाशिकला इंदिरानगरच्या कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची, आणि संध्याकाळी घरी जेवायला बसलो तरी हाताचा थिनरचा वास गेलेला नसायचा. दिवसभर रंग मारून आलेल्या माणसाला घरी पुन्हा रंगाचा डबा उघडायची इच्छा होत नाही. त्यामुळे आमच्या होडीला मी रंग दिला तो घाईत दिला.

होडी माझी आणि माझ्या मित्राची. तो शाळेत गणित शिकवायचा. नव्वदीच्या दशकात आम्ही दोघांनी त्याच्या अंगणात ती प्लायवूडची बांधली, एका शिडाची, पुढे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढं डेक असलेली. पावसाळा संपला की गंगापूर धरणावर ती घेऊन जायचो. दुसऱ्या वर्षी डेकचा रंग उडाला होता. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट उरला होता, त्याचेच मी दोन हात मारले. ओल्या पायाखाली तो निसरडा होणार, हे मला कळत होतं. दमलो होतो, उद्याचं उद्या बघू म्हटलं.

त्या हंगामातल्या पहिल्याच रविवारी शीड उतरवायला तो पुढे गेला. पाय सटकला आणि गुडघा डोलकाठीच्या बुडाशी आपटला. वारा पडलेला. मी वल्ही मारत काठ गाठला. तोवर तो डोळे मिटून पडून होता. वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं, पण पाय पुरता वाकेना.

महिनाभर ड्यूटीवरून मी थेट हॉस्पिटलला जात होतो. एकदा चहाचा कप पुढे करताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रंगाचं काम तुमच्याकडे होतं ना?"

मी हो म्हणालो. त्या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांच्या घराची पायरी चढताना मला जड व्हायचं.

वर्षभर होडी ताडपत्रीखाली पालथी पडून राहिली. विकून टाकू, असं मी दोनदा म्हणालो. एका रविवारी तो काठी टेकत माझ्या घरी आला.

"विकायची नाही. डेक नीट करू. या वेळी रंग मी निवडणार, तू फक्त लावायचा."

त्याने ते मास्तरासारखंच केलं. प्लायवूडचे पाच तुकडे, प्रत्येकावर वेगळा रंग. ते होळीपासून त्याच्या गच्चीवर उन्हात पडून. दर रविवारी एकेक फळी विटेवर तिरपी ठेवून वर पाणी ओतायचं आणि अनवाणी उभं राहायचं. उभं मीच राहायचो, कारण त्याचा पाय वाकत नव्हता. तो वहीत लिहायचा. सहा दिवस रंग आणि सातव्या दिवशीही रंग. पण नाही म्हणायचं तोंड मला कुठे होतं?

साधा ऑइलपेंट मेमध्येच तडकला. चाळलेली वाळू टाकलेल्या रंगावर पाय घट्ट बसला, पण गुडघे टेकले की सालटं निघायची, आणि होडीत निम्मं काम गुडघ्यांवरच चालतं. ओल्या रंगावर साखर भुरभुरायची आणि वाळल्यावर धुऊन काढायची, असंही त्याने कुठून तरी ऐकलं होतं. धुवायच्या आधी मुंग्या आल्या. राहिलेल्या खळग्यांत धूळ बसली. इपॉक्सी चिवट, पण उन्हाने तिची भुकटी हाताला लागू लागली. राहिला तो दोन डब्यांतून मिसळायचा पॉलियुरेथेन, मुंबईहून मागवलेला, बारीक प्लॅस्टिकचे दाणे घातलेला, फिक्या राखाडी रंगाचा. तो पाय धरत होता आणि गुडघ्यालाही बोचत नव्हता. हाच टिकेल, असं मी तिसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, "माहीत आहे. पण मला बघायचंय."

जुना रंग खरवडून मी डेक घासत होतो, तो शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मी मान वर न करता म्हणालो, "चूक माझी होती."

त्याने काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "होडी पाण्यात उतरवायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या रंगावर फर्निचरचं मेण घासलं होतं. फोटोत चमकावी म्हणून. घरी सांगितलं नाही."

माझा हात थांबला. राग यायला हवा होता. पण हॉस्पिटलच्या त्या फेऱ्या, वहिनींची ती नजर आणि हे सगळे रविवार एकदम अंगावर आल्यासारखे झाले, आणि मी तिथेच ओट्यावर बसलो. तो म्हणाला, आज सांगतो तिला. त्याने खरंच सांगितलं. वहिनींनी त्या संध्याकाळी मला जेवायला थांबवून घेतलं, आणि माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली.

त्यानंतर आम्ही चार हिवाळे होडी चालवली. तो पुढे जायचा, एक हात डोलकाठीला. डेकचा रंग शेवटपर्यंत टिकला. तळाचं प्लायवूड मात्र कुजलं, आणि ते बदलायचं बळ आमच्यापैकी कोणाकडेच उरलं नव्हतं.