ताल धरणारीची आई

म्हापशातल्या भरतनाट्यमच्या वर्गाबाहेर पालकांच्या बाकावर ती नेहमी माझ्या शेजारी बसायची. पेडण्याच्या बसने यायची, मांडीवर पावांची पिशवी घेऊन. नाव मी कधी विचारलं नाही. आत बाईंचं 'तैया तै' सुरू झालं, की बाकाखाली तिच्याही टाचा हलायच्या.

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. सगळे अडवू, म्हणजे या नाचाची मूळ पावलं, करून दाखवायचे होते. गुडघे बाजूला वाकवून अर्धं बसायचं आणि तळपाय जमिनीवर आपटायचे. मी खिडकीतून माझ्या मुलीवर डोळे रोखून होतो.

"भाऊ, जरा दम घेवा," ती हसली. "नाचता ती, तुमी नाय."

मग हळूच म्हणाली, "खाली बसताना व्हट चावता बघा. ढोपर दुखता तिचा. तुमका सांगूक घाबरता."

ते मला दिसत नव्हतं असं नाही. "परीक्षा झाली की डॉक्टरकडे नेतो," मी म्हणालो.

तिने आत बोट दाखवलं. बाईंजवळ एक थोराड मुलगी लाकडी पाटावर काठीने ताल देत बसली होती.

"माझा चेडू ता. तेणा पण असाच लपयल्यान. आता ढोपर वाकना नाय, निसती काठी मारूक येता."

मुलीला थांबवावं म्हणून मी उठून दारात गेलो. मला पाहताच ती हसली आणि गुडघे आणखी वाकवून खाली बसली.